मामाला फोनवर ऐकवलेला ब्रेक

ब्रेकची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही सीट धरून बसला असाल, की आता गाडी घाटात सुटणार. सोडा. या गोष्टीत गाडी बराच वेळ आमच्या देवासच्या अंगणात जॅकवर उभी आहे.

ती गाडी विकली आता. नवी बोलतच नाही, नुसती सरकते. जुनीचे सगळे आवाज मला काढता यायचे. सकाळचा खोकला, गिअरची कुरकुर, दाराचं कण्हणं. शाळेत सरांच्या नकला करून मार खाल्ला, घरी गाडीच्या करून चहा मिळायचा.

त्या रविवारी आईला धारला माहेरी जायचं होतं. कुळधर्म होता, सवाष्ण तीच. ती पानावर बसल्याशिवाय तिथली पंगत बसत नाही, आणि तोवर तीही उपाशी. आठला निघायचं ठरलं. बाबांनी काचा लावून गाडी फाटकापर्यंत आणली. फाटक धरून मी उभा. पुढच्या चाकातून बारीकशी 'ची' आली. ऐकली फक्त मी, आणि बाबांना थांबवलं.

"मामाला विचार," बाबा म्हणाले. धारचा मामा गणित शिकवतो, पण स्वतःच्या गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत नाही.

"भिया, आवाज करून दाखव," मामा फोनवर म्हणाला. आमच्या माळव्यात भाच्यालाही 'भिया', म्हणजे भाऊच म्हणतात.

आता एवढीशी 'ची' काय दाखवायची? मी ती काढली, जरा ओढली, आणि शेवटी घशातून मस्त 'खर्रर्र' जोडून दिलं. शेजारच्या काकू बाहेर आल्या.

मामा गंभीर झाला. "ब्रेकचे पॅड संपले. लोखंडावर लोखंड घासतंय, डिस्कही गेली असेल. भाऊजींना सांग, चाक खोलून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

बाबांनी बाह्या वर केल्या. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट ढिले करायला घेतले. एक हलेना. तेल सोडलं, पान्यावर उभा राहून मी नाचलो. तो सुटला तेव्हा कुठं जॅक लावला. चाक निघेपर्यंत साडेदहा. आई जरीकाठाची साडी नेसून पायरीवर बसलेली.

"बसनं जाऊ का?" तिनं दोनदा विचारलं.

"झालंच आता," बाबा दोनदा म्हणाले.

पॅड चांगले जाड होते. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. बाबांनी पेचकसानं काढला, डिस्क हातानं फिरवली. 'ची' गेली.

"याची 'ची' येईल," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. "खर्रर्र कुठून आलं?"

मी नट गोळा करायला लागलो.

धारला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. दहा माणसं भुकेली, पानं मांडलेली. आईनं पहिला घास घेतला, बाबांनी खड्याची गोष्ट सांगितली. मग मामा वरणभात कालवत सुरू झाला.

"गाडी 'ची' म्हणाली ना? मग तू पण 'ची' म्हण. तिला दुखतं तेवढंच ती ओरडते. तुझ्यासारखी मजमा जमवत नाही. मी इथं भुकेल्या पोटी डिस्क कुठं मिळेल ते विचारत फिरतोय."

मी पाटाकडे सरकलो. आईनं मान वर केली.

"तू शेवटच्या पंगतीला. आधी सगळ्यांना वाढ. आणि वाढताना तोंडातून एक आवाज निघाला तर बघ."