उंदीरवाले डॉक्टर

नाना डॉक्टरांचा माणसांवर विश्वास नव्हता, रक्तावर होता. सांगलीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती आणि परसात गिनीपिगांचे पिंजरे. लोक त्यांना सरळ ‘उंदीरवाले डॉक्टर’ म्हणत. मी नुकताच डॉक्टर होऊन त्यांच्या हाताखाली लागलो, तर पहिलं काम मिळालं ते या जनावरांना घास घालण्याचं.

गिनीपिगच्या ताज्या रक्तातलं ‘पूरक’ द्रव्य गरमीच्या, म्हणजे उपदंशाच्या, तपासणीला लागे. “ते आपल्याही रक्तात असतं. परका जंतू दिसला की फोडतं, घरच्याला हात लावत नाही,” नाना सांगत. रोग्याच्या रक्तात गरमीची खूण असली की हे द्रव्य नळीत तिथंच खर्ची पडे आणि नाना निकाल देत. त्यावर अपील नसे.

ब्रह्मदेशच्या लढाईवरून हिवतापानं खंगून आलेल्या इस्लामपूरकडच्या एका जवानाला त्यांनी असाच निकाल दिला.

“आवं डाक्टर, देवाशपथ, मी तसला न्हाई!”

“तू खोटं बोलशील, रक्त खोटं बोलत नाही.”

गावभर झालं. त्याची बायको जतला माहेरी निघून गेली.

पुढं नानांच्या पत्नीचे, म्हणजे वहिनींचे, सांधे सुजू लागले. उन्हात गेल्या की गालांवर लाल चट्टे उठत. नानांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्यात हीही. गरमी निघाली! दुसरा गिनीपिग घेतला, निकाल तोच. स्वतःचं रक्त पाहिलं, ते स्वच्छ.

वहिनी पदराला हात पुसत समोर उभ्या राहिल्या. “मी या घराबाहेर कधी होते, सांगा. का तेही उंदरांनाच विचारणार?”

नानांनी मासिकं उपसली. हिवतापात आणि अशा सांध्या-कातडीच्या दुखण्यात ही तपासणी फसते, असं त्यांत होतं. पूर्वीही वाचलं असणार. पण तेव्हा नळीत घरचं रक्त नव्हतं.

ते जवानाला घेऊन जतला गेले. मीही होतो. “पोरगा निर्दोष आहे. चुकलो मी,” ते भर ओसरीवर म्हणाले.

सासरा म्हणाला, “मग आमी इतके दिस कुनाचं ऐकलं?”

“माझं.”

मुलगी आतून बोचकं घेऊनच बाहेर आली.

वहिनींचं दुखणं मात्र मूत्रपिंडांत उतरलं. त्या आजारात ते पूरक द्रव्य आपल्याच शरीरावर उलटतं, हे मला फार उशिरा कळलं. नानांना कधीच नाही.

शेवटी शेवटी वहिनींनी विचारलं, “आज रक्त नाही घेतलं?”

“नको. तूच सांग, कसं वाटतंय?”

त्या थांबत थांबत बराच वेळ सांगत राहिल्या. नाना खाटेशी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले.