जकातीची कमिटी आणि देवाचं वस्त्र

सुताचा व्यापार करणाऱ्यानं डोकं थंड ठेवावं, असं माझे वडील सांगत. त्यांनी दुकान माझ्या स्वाधीन केलं, पण डोकं त्यांचं ते घेऊन गेले. मला राग चटकन येतो आणि आला की तो तोंडावाटेच बाहेर पडतो. त्यामुळं सरकारच्या सल्लागार कमिटीवर माझी नेमणूक झाल्याचा लखोटा आला तेव्हा नवी पेठेत बऱ्याच जणांना नवल वाटलं. सगळ्यात जास्त माझ्या बायकोला वाटलं. "तिथं गप्प बसायचं असतं म्हणे," ती म्हणाली, "तुम्हाला कसं जमणार?"

मी मात्र फुशारलो होतो, हे कबूल करतो. नवा लांब कोट शिवला. फेटा बांधून आरशासमोर जितका वेळ उभा राहिलो, तितका लग्नातही राहिलो नव्हतो.

कमिटीपुढचा प्रश्न साधा होता. परदेशातून येणाऱ्या बारीक सुतावर जकात वाढवावी का, आणि वाढवली तर हातमागवाल्यांना ती सोसेल का. अध्यक्ष एक वयस्क गोरे साहेब होते, स्वभावानं सभ्य, कानानं थोडे कमी. दुसरे एका गिरणीचे मॅनेजर. त्यांना जकात हवीच होती, आणि हे ते लपवतही नसत. एक वकील होते, एक सरकारी चिटणीस, आणि मी. मला घेतलं ते भाषेसाठी. घरात आमची कन्नड, बाजारात मराठी, आणि निम्मं गिऱ्हाईक तेलुगू बोलणारं, म्हणून तीही मला बरी येत होती; इंग्रजी कामापुरतं येई.

त्या गिऱ्हाइकांत एक म्हातारा विणकर होता. माझ्या वडलांच्या वेळेपासूनचा. मी त्याला मामा म्हणायचो. शहराच्या पूर्व भागात एका अरुंद गल्लीत त्याचं घर. तो आणि त्याचे दोन मुलगे माग चालवत, सुना धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत. मामाचं लुगडं इतकं तलम असे की बायका ते नुसतं हातात धरून बसत. त्या लुगड्याला लागणारं सूत आपल्याकडच्या गिरण्या तेव्हा काढत नव्हत्या, ते बाहेरूनच यायचं. जकात वाढली की मामाचा बारीक सुताचा माग थांबणार आणि मुलगे गिरणीच्या भोंग्यावर कामाला जाणार, हे मला सांगायला कुणा कमिटीची गरज नव्हती.

मामा दुकानात आला की माझ्या गादीवर न बसता सुताच्या गाठोड्यावर बसे. लडीतून एक धागा ओढायचा, कानाजवळ नेऊन तोडायचा, आणि सुरू करायचं. "ह्ये काय सूत हाय? तुझा बाप असलं सूत दारात येऊ देत नव्हता. तू नुसता फेटा बांध." सूत वाईट, चहा पातळ, खळ महाग, गिऱ्हाईक चिकट, मुलगे आळशी. तासभर ऐकावं लागे. मी पण उलट बोलायचो. शेजारचे दुकानदार म्हणत, चला, भांडण लागलं. मग तो पाहिजे तितकं सूत उचलून शांतपणे निघून जाई.

साहेबांनी प्रत्यक्ष माग पाहायचं ठरवलं. गल्ली अर्थात मीच सुचवली. चार दिवस आधी मामाला निरोप द्यायला स्वतः गेलो आणि जाता जाता बोललो, "मामा, मोठी माणसं येणार आहेत. जरा नीटनेटकं ठेवा."

एवढंच बोललो. पुढं जे झालं ते या एका वाक्यानं झालं.

ठरलेल्या दिवशी टांग्यातून उतरलो तर मला गल्ली ओळखू येईना. एरवी तिथं सकाळी चालायची सोय नसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरलेले असत आणि बायामाणसं ओल्या कुंचल्यांनी त्यांना खळ लावत असत. त्या दिवशी एकही ताणा नव्हता. सडा घातलेला, रांगोळ्या काढलेल्या, भिंतींना ताजा चुना. मागांची खटखट बंद. पाहुणा दारात असताना माग चालवणं म्हणजे त्याच्याकडं पाठ फिरवणं, असं ती माणसं मानत. सगळी गल्ली नवी कापडं घालून हात जोडून उभी होती.

मामानं आम्हाला आत नेलं. त्याच्या मागावर रेशमी ताणा होता आणि काठाला जर. मी पाहिलं आणि ओळखलं. ते देवाचं वस्त्र होतं. वर्षातून एकदा सगळी गल्ली मिळून रेशीम आणि जर आणायची आणि देवळातल्या देवासाठी एक वस्त्र विणायची. त्या वर्षी ते मामाच्या घरी होतं. एरवी ते उत्सवाच्या आधी आठवडाभर मागावर चढे. पाहुण्यांना चांगलंच दाखवायचं, म्हणून मामानं ते आधीच मागावर चढवलं होतं आणि आपलं लुगडं उतरवून ठेवलं होतं.

साहेब वाकून पाहत राहिले. "सुंदर," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "विचारा त्यांना, धंदा कसा चाललाय?"

मी तेलुगूत विचारलं. मामानं हात जोडले आणि मुद्दाम बाकीच्या पाहुण्यांनाही कळेल अशा मराठीत म्हणाला, "बरं हाय, साहेब. तुमची किरपा हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द लावून, नीट सांगितलं. मॅनेजरांनी मान डोलावली, चिटणीसांनी लिहून घेतलं. मामाच्या सुनेनं सगळ्यांना केळी आणि दूध दिलं. हे देवाचं वस्त्र आहे, हे रोजचं नव्हे, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण साहेब मला म्हणाले होते, तुमच्यामुळं फार चांगली सोय झाली, आणि मी त्या शब्दांत गुंग होतो. आयुष्यात मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो.

पंधरवड्यानं रिपोर्टाचा मसुदा हाती आला. त्यात लिहिलं होतं की विणकरांची स्थिती समाधानकारक असून ते रेशीम आणि जरीचं काम करतात, सबब बारीक सुतावरची वाढीव जकात त्यांना जड जाणार नाही. आणि पुढं, ही माहिती त्यांची भाषा जाणणाऱ्या सभासदामार्फत मिळाली.

मी तडक मामाकडं गेलो. गल्लीत पुन्हा ताणे लागले होते, त्यांच्याखालून वाकत वाकत गेलो आणि दारातूनच ओरडलो, "मामा, बरं आहे म्हणून कशाला सांगितलंत? देवाचं वस्त्र कशाला लावलंत? घर मोडेल तुमचं!"

त्यानं धोटा थांबवला. "तुमीच सांगितलं न्हवं, नीट ठिवा म्हून?"

"नीट ठेवा म्हणजे केर काढा!"

"मालक," तो म्हणाला, "दारात आलेल्या मानसापुढं रडायचं व्हय? आन् देवाचं वस्त्र समोर असताना न्हाय म्हनायचं?"

त्यानं मला मालक म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो असं करणार हे त्या पाच जणांत फक्त मला माहीत असायला हवं होतं, आणि त्यासाठीच तर मला तिथं बसवलं होतं.

कमिटीच्या शेवटच्या बैठकीत मी उभा राहिलो. घडलं ते सगळं सांगितलं. न कळवता एकदा सकाळी पुन्हा जाऊ या, ताणे पाहू या, लुगडं पाहू या, अशी विनंती केली. साहेबांनी हाताचा पंजा कानामागं धरून सगळं ऐकलं. मॅनेजर हसून म्हणाले, "परदेशी सूत आपणच विकता ना?" ते खोटं नव्हतं. माझा आवाज चढला, वकिलांनी माझा कोट ओढून मला खाली बसवलं. साहेब म्हणाले, त्या दिवशी आपणच सांगितलंत, आज आपणच उलट सांगता, मी कुठलं धरू? मी सही केली नाही. वेगळ्या मताचा एक कागद लिहून दिला. तो रिपोर्टाच्या मागं जोडला गेला. कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

पुढं जकात वाढली. आमच्या रिपोर्टामुळंच वाढली असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं. पण मामाचा बारीक सुताचा माग थांबला. धाकटा मुलगा गिरणीत लागला. मामा जाडं सूत घेऊन साधी लुगडी विणू लागला. दुकानात यायचा, उभ्या उभ्या सूत मागायचा. धागा ओढून बघायचा नाही. "कसं काय मामा?" म्हटलं की, "बरं हाय मालक, तुमची किरपा." आणि जायचा.

साहेबांना दिलेलं उत्तर तो आता मला देत होता. मला ते सहन होईना. वर्षभर ऐकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक दिवस तो आला तेव्हा मी मुद्दाम माळ्यावरचं, ओल लागून कुजलेलं सूत त्याच्यापुढं टाकलं. "बघा तरी," म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. धागा ओढला. तो आपणहूनच तुटला, कानाजवळ न्यायची वेळही आली नाही. मामानं तुटका धागा बोटाला गुंडाळला आणि म्हणाला, "बरं हाय की." आणि ते सूत पिशवीत भरू लागला.

मी पिशवीच त्याच्या हातातून हिसकावली. "अहो, कुजलंय ते! दिसत नाही? शिव्या द्या की मला! त्या दिवशी मी गप्प बसलो, त्याबद्दल एक तरी शिवी द्या!" समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघू लागली.

मामानं बोटाचा धागा सोडून टाकला. मग सुताच्या गाठोड्यावर बसला, जुन्या जागी.

"कुजलं म्हाईत हाय तर ठिवलंस कशाला?" तो म्हणाला. "तुझ्या बापानं असलं सूत दारात येऊ दिलं नसतं. कमिटी कमिटी म्हनून नुसता फेटा बांधून हिंडलास. तोंड हुतं न्हवं तुला? दुकानात इतकं चालतंय त्ये!"

मी चहा सांगितला. तो आला, तर पातळ निघाला. त्यावरही मामा बोलला, आणि मी मान खाली घालून सगळं ऐकत बसलो.