गुडघ्यांचे खळगे

आज माजलगावजवळच्या आमच्या गावातल्या जुन्या चर्चच्या आवारात उभ्या टेम्पोतून वार्निशचा वास आला आणि लहानपणीचा एक रविवार आठवला. वेदीपुढची, गुडघे टेकायची सागवानी फळी ठेकेदारानं पॉलिशला नेली होती. ती लखलखत परत आली. सगळे खूश. मार्था मावशी मात्र गुडघे टेकून फळी चाचपत राहिली.

"ही आपली न्हाई. आपल्या आज्यांच्या गुडघ्यांनी पडलेले खळगे कुठं गेले?"

"रंधा मारलाय, मावशी," ठेकेदार म्हणाला.

"रंध्यानं सागाची बाभळ होती व्हय रं?"

लोक हसले. मलाही ती तेव्हा भांडकुदळ वाटली. आता वाटतं, अख्ख्या चर्चमध्ये ती एकटीच जागी होती.

आज चर्चची कोरीव दारं 'पॉलिशला' निघालीत. मी टेम्पोपुढं उभा आहे. पॉलिशच करायचंय ना? मग इथंच करा, आमच्या डोळ्यांदेखत.