अकरा कंपायलर आणि एक शून्य

नवीन पनवेलपासून पळस्प्यापर्यंत शोधले, तरी माझ्या धाकट्या दिरांइतका जुन्याचा मान राखणारा माणूस सापडायचा नाही. इतर लोक जुनी भांडी जपतात. आमच्या समोरच्याच घरात राहणारे भावोजी जुने कंपायलर जपतात. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे हे दुभाषे. नवा आला की जग जुन्याला निरोप देते. भावोजींच्या संगणकात मात्र अकराच्या अकरा, एकमेकांना धक्का न लावता, आपापल्या कप्प्यात नांदतात. सर्वांत जुने ते आजोबा, सर्वांत नवे ते साहेब. जगाने सर्वांसाठी खुला ठेवलेला कुठलाही प्रोग्राम आधी आजोबांकडून यंत्रभाषेत बांधून घ्यायचा, मग वयाच्या क्रमाने साहेबांपर्यंत यायचे, हा त्यांचा सोवळ्यासारखा पाळलेला नेम. आजोबांना आता काढून टाका, असे मी एकदा सुचवले, तर दोन दिवस ते आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत.

तो नेम एकदाच मोडला. उरणच्या एका नाखवांना त्यांनी काही वर्षांपूर्वी, सातवा कंपायलरच सर्वांत नवा होता तेव्हा, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा असाच एक खुला प्रोग्राम बसवून दिला होता. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर नाखवांनी नवा संगणक घेतला आणि भावोजींनी घाईघाईत तो प्रोग्राम थेट साहेबांकडून बांधून दिला. दुसऱ्या संध्याकाळी नाखवा दारात उभे. अंगाला ओल्या जाळ्याचा, खाऱ्या चिखलाचा वास.

"दादा, तुमची मशीन भरती सकाली सांगते. पानी तर दुपारी चढतंय. परवा होड्या काढायच्या हायत, आन् गावात आता समदे मशीनचंच ऐकतात. गाळात रुतल्या तर आमी काय करायचं?"

भावोजींनी त्यांना बसवले आणि आजोबांपासून सुरुवात केली. आजोबांनी दुपार सांगितली. सातव्यापर्यंत दुपारच. आठव्याने सकाळ सांगितली, आणि भावोजींच्या डोळ्यांत समईची वात सारल्यासारखा उजेड पडला. मूळ लेखकाने एका आकड्याला सुरुवातीची किंमतच दिली नव्हती. जुन्यांच्या हाताला त्या जागी नेहमी शून्य लागे. नव्यांच्या हाताला तिथे पडलेला कुठलाही आकडा. भावोजींनी त्या ओळीत एक शून्य लिहिले, आणि अकराही जण एका सुरात दुपार म्हणाले.

पौर्णिमेला नाखवांचा फोन आला. "दादा, पानी आलं. होड्या तरंगल्या."

केशर-लवंगांच्या वासाने दरवळणाऱ्या माझ्या नारळीभाताचा पहिला घास भावोजींनी संगणकापुढे ठेवला. चूक तर सुधारली. आता एकटे साहेब पुरेत ना, असे मी हसत विचारले.

"राहू द्या, वहिनी. चुकलं तर सांगणारं कुणीतरी घरात असावं."

त्या घरात भावोजी एकटेच राहतात. मी नुसती नारळीभाताची वाटी द्यायला आले होते. मग जरा वेळ बसले.