मरोळचं किंचाळतं इंजिन

ती घटना आठवली की आजही माझा उजवा कान वाजू लागतो. डावा शाबूत आहे, कारण त्या बाजूला आमचा जमादार उभा होता आणि त्याचं पोट मध्ये आलं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा दहिसर नाक्यावर चोरीची म्हैस लुगडं नेसवून नवरी म्हणून नेताना पकडली. तरी घरात चार पाहुणे जमले की मागणी होते ती याच केसची. नावं कुणाची सांगणार नाही. मंडळी हयात आहेत आणि त्यांतल्या एका बाईंना मी अजून घाबरतो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. अंधेरीकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. बैठं कौलारू ठाणं, पुढे पडवी, मागे लॉकअप आणि मध्ये एकच पंखा, तोही फक्त वरिष्ठांच्या टेबलावर वारा घालणारा. एका सकाळी सुटाबुटातले एक गृहस्थ फिर्याद द्यायला आले. मोठ्या कंपनीत मोठे साहेब.

“इंजिन चोरीला गेलंय,” ते म्हणाले.

जमादाराने टाक उचलला. “कुठल्या गाडीचं?”

“विमानाचं.”

जमादाराने टाक खाली ठेवला. “साहेब, विमानतळाची हद्द वेगळी.”

मग गृहस्थांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये लिंबाएवढी जागा धरून दाखवली. खेळातल्या विमानाचं इंजिन. परदेशी, जुनं, आता कुठे न मिळणारं. पेट्रोलवर चालत नाही, स्पिरिट आणि एरंडेल पितं. डोक्यावर एक तार असते, ती बॅटरीच्या सेलने लाल करायची, पंख्याला बोटाने टिचकी मारायची, की सुरू. मग सेल काढला तरी तार आपल्या आपण लाल राहते. इंजिनाचा नंबर त्यांच्याकडच्या रिकाम्या खोक्यावर होता. इंजिन कुठे ठेवलं होतं असं विचारलं, तर म्हणाले, “टेबलाच्या कुलूपबंद खणात.” हे सांगताना त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण सुटातल्या माणसावर संशय घ्यायचा आमच्याकडे तेव्हा रिवाज नव्हता.

आठवडाभराने आमचा खबरी पडवीत येऊन उभा राहिला. हा माणूस इतका बारीक की उन्हात उभा राहिला तर सावली पडायची नाही.

“साहेब, मरोळच्या चाळीत एक जण रोज संध्याकाळी काहीतरी उकळतो. स्पिरिटचा वास सुटतो. मग काहीतरी किंचाळतं.”

“माणूस किंचाळतो?”

“माणूस एवढा वेळ किंचाळत नाही साहेब, त्याला दम लागतो.”

दारूबंदीचे दिवस. हातभट्टी म्हटलं की वरिष्ठांच्या मिशा ताठ व्हायच्या. दोन पंच घेतले, जमादार घेतला आणि दिवेलागणीला आम्ही चाळीत शिरलो. दारातच त्या माणसाची बायको. मागे स्टोव्हवर मोठं पातेलं खदखदत होतं.

“झाकण काढा,” मी म्हणालो.

“काढते. पण वाढायला सांगू नका.”

झाकण निघालं. काळ्या रश्शात सहा-सात लहान लहान इंजिनं बटाट्यांसारखी वरखाली होत होती. आयुष्यात मी बरंच काही शिजताना पाहिलंय, पण विमान शिजताना पहिल्यांदाच. जमादाराने कोपऱ्यातली बाटली उचलून हुंगली आणि माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं.

“साहेब, निम्मं एरंडेल आहे. ही दारू कुणी प्यायला तर त्याला पकडायला संडासाबाहेरच पहारा लावावा लागेल.”

पंचांपैकी एक हसता हसता ओट्यावर बसला. स्पिरिटचा परवाना भिंतीवर चौकटीत टांगलेला होता, तोही चालू मुदतीचा. भट्टीची केस तिथेच विझली.

माणूस चाळिशीचा, पालिकेच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर, अजून हंगामी. छंद असा की कुठलीही मेलेली इंजिनं गोळा करायची. जुनं एरंडेल आत वाळून लाखेसारखं होतं, दट्ट्या जागच्या जागी चिकटतो, पंखा हलत नाही. हा ती उकळून, स्पिरिटात भिजवून, दिवस दिवस गोंजारून सोडवायचा आणि विमानं उडवणाऱ्या शौकिनांना विकायचा. चाळीमागच्या मोकळ्या जागेत चालवून पाहायचा, ते किंचाळणं. सगळं कायदेशीर. मी निघणार, एवढ्यात फळीवर एक इंजिन चमकताना दिसलं. सहज उचललं, उलटं केलं. नंबर फिर्यादीतला.

“हे कुठून आणलंस?”

तो फळीवरची बाकीची इंजिनं नीट लावू लागला. बायकोचा चेहरा मात्र पांढरा पडला. तिचं ते पांढरं पडणं मला लगेच कळलं, कारण माझ्याच खणात या माणसाच्या चारित्र्य पडताळणीचा कागद पडून होता. वर्कशॉप त्याला कायम करणार होतं, पोलिसांचा शेरा तेवढा बाकी. चोरीचा माल घेतल्याबद्दल चारशे अकरा कलम लागलं की कायम होणं राहिलं बाजूला, हंगामी नोकरीही गेली असती.

इंजिन आणि ती एरंडेलाची बाटली जप्त करून त्याला ठाण्यात आणलं. दुसऱ्या दिवशी चौकशी. मी दरडावून विचारलं, गोड बोलून विचारलं, चहा पाजून विचारलं.

“कुठून मिळालं?”

“मिळालं.”

“कुणी दिलं?”

“दिलं एकाने.”

त्याची बायको डबा घेऊन पडवीत बसली होती. खिडकीतून तिचं मार्गदर्शन सुरू. “अहो, सांगून टाका की. नोकरी जाईल ना.”

“तू गप गं.”

“मी गप बसते, तुम्ही पण गप बसा, म्हणजे साहेब एकटेच बोलतील.”

माणसांबद्दल एक गोष्ट मला नोकरीने शिकवली होती. स्वतःचा अपमान गिळणारे पुष्कळ भेटतात, हातच्या कामाचा अपमान गिळणारा मी पाहिला नाही. मी इंजिन टेबलावर टाकल्यासारखं ठेवलं आणि म्हणालो, “एवढ्याशा खेळण्यापायी नोकरी घालवतोस?”

त्याने पहिल्यांदा मान वर केली. “खेळणं? साहेब, एक सेल द्या. आणि तुम्ही जप्त केलेली बाटली द्या.”

मुद्देमाल असा वापरता येत नाही हे मला ठाऊक होतं. पण कुतूहल हे फार वाईट. त्याने इंजिन बाकाला आवळलं, वर लाकडी पंखा बसवला, बाटलीतून नळी जोडून स्पिरिट पाजलं, तार लाल केली आणि टिचकी मारली.

पुढे जे झालं त्याची नोंद मी स्टेशन डायरीत ‘आवाज झाला’ एवढीच केली. प्रत्यक्षात पवईच्या मगरी पाण्याबाहेर आल्या असतील. टेबलावरच्या फिर्यादी पाखरांच्या थव्यासारख्या उडाल्या, एक समन्स थेट लॉकअपमध्ये गेलं आणि ज्याच्या नावचं होतं त्याच्याच हातात पडलं. वरिष्ठांची टोपी उडून पंख्याच्या पात्यावर बसली आणि गोल फिरू लागली. लॉकअपमधला पाकीटमार गजांमागून टाळ्या वाजवत होता. बाक भिंतीकडे सरकत निघाला, जमादार त्यावर बसला, तरी तो सरकतच राहिला. अखेर फिटरने नळीवर बोट दाबलं आणि एकदम शांत झालं.

“झकास,” लॉकअपमधून आवाज आला.

फिटर मात्र पेटला होता. “बघितलंत? आणि हे माझ्याकडे आलं तेव्हा काय होतं? दगड. पोटात लोकरीचा पुंजका, निळ्या रंगाचा. फटीफटीत डांबराच्या गोळीचा चुरा. चार दिवस वास जात नव्हता. विमानाच्या इंजिनाला कसर लागते काय? माझ्यावर कसली केस करता, ज्याचं होतं त्याच्यावर करा.”

मी खुर्चीत मागे टेकलो. लोकर, निळी. डांबराची गोळी. कुलूपबंद खणात लोकर कुठली? मुंबईत लोकर फक्त एका ठिकाणी असते, कपाटात टांगलेल्या लग्नातल्या कोटात. लग्नाच्या दिवशी घामाघूम होऊन घालायचा आणि पुढे जन्मभर गोळ्या घालून जपायचा. त्याच्या खिशाइतकी सुरक्षित जागा अख्ख्या उपनगरात नसेल, कारण तिथे कुणाचा हात जायचं कारणच नाही.

‘जागेचा पंचनामा’ असं सांगून मी संध्याकाळी फिर्यादी साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी तो खण दाखवला. खण पानपट्टीच्या डब्याएवढा, कुलपाला किल्लीच नव्हती. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. अंगाने लहानखुऱ्या, पण त्यांच्या पावलांसरशी साहेब उठून उभे राहिले, त्यावरून घरातले वरिष्ठ कोण ते मला कळलं.

“वहिनी,” मी विचारलं, “घरात निळा लोकरीचा कोट आहे का हो?”

साहेबांना चहाचा ठसका लागला.

“होता ना, यांचा लग्नातला. दिवाळीची आवराआवर केली तेव्हा दिला बोहारणीला. एका कोटावर काय पातेलं आलंय, थांबा दाखवते.” आणि त्या खरंच पातेलं घेऊन आल्या. नवं कोरं स्टील, त्यात माझा चेहरा हसताना दिसत होता आणि साहेबांचा रडताना. “एवढ्यावर नव्हती देत हो ती. पुढे केलेल्या दोन साड्या मी मागे घेतल्या, तरी पातेलं घेतलंच. पण कोटाचा आणि चोरीचा काय संबंध?”

साहेबांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. 

“अहो,” बाई हळूच म्हणाल्या, “परत विमान आणलंत?”

तेव्हा कळलं. आधीचं विमान बाईंच्या लोणच्याच्या बरणीवर उतरलं होतं आणि साहेबांनी देवापुढे शपथ घेतली होती. तरी इंजिन आणलं आणि कोटात लपवलं. कोट गेल्यावर तो कुठे गेला हेही विचारता येईना, कारण कोटाचं नाव काढलं की खिसा निघणार. म्हणून चोरी झाली असं धरून ठाण्यात आले. मी कायद्याचा माणूस, पण त्या क्षणी फिर्यादीला पोलीस संरक्षण द्यावं असं मला मनापासून वाटलं.

बोहारणीला शोधायला वेळ लागला नाही, सगळी आळी तिला ओळखत होती. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती ठाण्यात आली. साहेब, बाई आणि फिटरची बायको आधीच येऊन बसली होती. फिटरने तिला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“या बाईचं नाव येऊ नये म्हणून मी गप्प होतो, साहेब. तिला तुम्ही उभं करणार, मारझोड करणार.”

“मला?” बोहारीण म्हणाली. “मला कोण मारतंय रे? माझी पाटी उचलून दाखवा म्हणावं आधी.”

मी तिचा जबाब घेतला. ती सरळ सांगत गेली. कोट घेतला, पातेलं दिलं, घरी येऊन खिसा चाचपला तर हे निघालं. असलं काही लोखंडी निघालं की ती मरोळच्या या फिटरला द्यायची, कारण तो मान देऊन घ्यायचा.

“खिशात काही निघालं तर परत नाही का करायचं?” मी विचारलं.

“साहेब, आमच्या धंद्यात भांडं हातात पडलं की खिशासकट सौदा झाला. कुणाच्या खिशात काय काय निघतं ते परत करत बसले तर किती संसार मोडतील माहितीय?”

साहेबांनी खाली पाहिलं. बाई मात्र पुढे झाल्या. “तिचं बरोबर आहे. सौदा मी केला, राजीखुशीने केला. चोरी झाली नाही. असं लिहून घ्या आणि त्या माणसाला सोडा.” मग फिटरच्या बायकोकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या जिवाला घोर लागला असेल गं. आमच्या यांच्यामुळे.”

“तुमचे बोलतात तरी,” ती म्हणाली. “आमचे दोन दिवस ‘मिळालं’वरच आहेत.”

मी गुन्हा सी समरीसाठी पाठवला, म्हणजे खोटी फिर्याद नव्हे, समजुतीचा घोटाळा. दरम्यान पडवीत बोहारणीने जमादाराला घेरलं होतं आणि त्याची जुनी खाकी विजार एका वाटीच्या मोबदल्यात जवळजवळ मिळवली होती. सरकारी कापड आहे म्हणून मला मध्ये पडावं लागलं.

जाता जाता साहेबांनी फिटरला बाजूला घेतलं. “मला परत विकशील?”

“नाही.”

“का रे?”

“परत कोटात ठेवाल.”

“कोट कुठाय आता,” बाई मागून म्हणाल्या. “द्या त्यांना. पण दर रविवारी मैदानावर चालवायचं आणि मी बघायला येणार. लपवलेलं मला चालणार नाही, आवाज चालेल.”

फिटरने जरा विचार केला आणि मान हलवली. त्या रविवारी मैदानावर मीही गेलो होतो. टिचकी साहेबांनी मारली, तीनदा बोट सडकून घेतलं, चौथ्यांदा बाईंनी मारली आणि इंजिन लागलं. विमान किती उंच गेलं ते मी सांगणार नाही, तुमचा विश्वास बसायचा नाही. त्याआधी शनिवारीच मी पडताळणीचा कागद बाहेर काढला होता, ‘चारित्र्य उत्तम, साक्षीदाराला जपणारा’ असा शेरा मारला आणि सही केली. तो फिटर पुढे कायम झाला.

या केसने मला एवढंच शिकवलं की चोरीच्या तपासात घरातून काय गेलं हे पुरुषाला विचारत बसू नये, घरात नवीन काय आलं ते बाईला विचारावं. त्यानंतर माझ्या हद्दीतल्या निम्म्या चोऱ्या चहा संपायच्या आत उघडकीला यायच्या. उरलेल्या निम्म्यांत खरोखरीचे चोर असायचे, आणि खरं सांगतो, ते पकडायला सोपे.