पाच परमनंट, सात बदली

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पलंगाखाली सामान साठतं तसे ते आपोआप साठतात. एखाद्या दिवशी चप्पल शोधायला वाकावं आणि हातात भलतंच यावं! आम्ही कॉलेजचे जुने बास्केटबॉलवाले वर्षातून दोन-तीनदा इंदूरच्या विजय नगरमधल्या एका मॉलमध्ये भेटतो. कॉफी येईपर्यंत एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते. कॉफी आली की कोणीतरी म्हणतंच, "यार, वो बदलीवाला साल याद है?" मग प्रत्येक जण आपलं व्हर्जन सांगतो. बाकीचे सगळे फेकतात. खरं काय ते मी सांगतो.

मला काय अधिकार, विचाराल. मी टीमचा बारावा गडी होतो. मैदानावरच्याला फक्त बॉल दिसतो, बेंचवरच्याला सगळं दिसतं!

*

आमचे बर्वे सर कॉलेजचे क्रीडा अधिकारी. स्वतः खो-खोवाले. बास्केटबॉलबद्दल त्यांचा एकच सिद्धांत होता, "टोपली उंच आहे, तेव्हा माणूस उंच हवा." परीक्षा संपून पोरं गावाला गेली की सरांचा खरा सीझन सुरू व्हायचा. जुलैच्या ॲडमिशनपर्यंत नवी टीम उभी करायची. कॉलेजात खेळाडूंसाठी आठ माफ्या होत्या. माफी म्हणजे वर्षाची अख्खी फी माफ. त्या आठ माफ्या खिशात घालून सर उन्हाळाभर सायकलवरून उंच पोरं हुडकत हिंडायचे.

एकदा मे महिन्यात परदेशीपुऱ्यात एका वरातीपुढे सर सायकलवरून उतरले. सोबत आमचा कॅप्टन बंड्या शिर्के. नवरदेव घोडीवर, सेहरा बांधून. सरांनी मान वर केली आणि बँडच्या वरताण ओरडले, "शिक्षण किती?"

नवरदेव गांगरला. "बारहवीं, साब."

"पुढं?"

"आगे तो... शादी."

"शादी नंतर! जुलैत कॉलेजात ये, माफी देतो!"

जुलैत तो खरंच आला. ऑफिसच्या दारात सर त्याला शोधत होते, त्याच्याच डोक्यावरून! उंची पाच फूट तीन इंच. बंड्यानं सरांना हळूच बाजूला घेतलं.

"सर, हा ठेवायचा असेल तर घोडीला पण ॲडमिशन द्यावी लागेल."

*

या बंड्याचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. मागे हटायचं नाही, हा घराण्याचा बाणा. बंड्यानं तो पाळला. बी.ए. फायनलमधून तो सहा वर्षं हटला नाही! पास झाला तर टीम सुटणार, म्हणून तो नेमानं नापास व्हायचा. वयाची अट होती म्हणे, पण बंड्याच्या जन्मतारखेबद्दल त्याच्या आईचं आणि शाळेचं एकमत नव्हतं. दर जूनमध्ये निकाल लागला की आम्ही त्याच्या नापासाचे पेढे खायचो.

आणि एका जूनमध्ये घात झाला. बंड्या पास!

"अरे भिया, चौथ्या पेपरात मी फक्त रोल नंबर लिहिला होता!" बंड्या डोकं धरून बसला. "तो पण बहुतेक चुकीचा."

आम्ही चौघं त्याला घेऊन युनिव्हर्सिटीत गेलो. पेपर पुन्हा तपासायच्या खिडकीवर एक बाबू पान लावत बसलेला.

"कितने नंबर बढ़वाने हैं?"

"बढ़वाने नहीं, घटवाने हैं," बंड्या म्हणाला. "पाँच-छह घट जाएँ तो मेहरबानी."

बाबूनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भिया, छाँव में बैठो थोड़ा. धूप लग गई है तुमको."

तरी फॉर्म भरला. महिन्यानं उत्तर आलं. सात मार्क वाढले होते. बंड्या सेकंड क्लासमध्ये गेला! घरी आई आनंदानं रडली, हा शेजारी बसून दुःखानं.

बर्वे सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस. एम.ए. आहे ना! लोकांना दोन वर्षं लागतात, तू सहज आठ काढशील."

*

सुट्टीत दुसरी कॉलेजं आमची पोरं फोडायची. आमचा शूटर पप्पू. तीस फुटांवरून डोळे मिटून बॉल टाकायचा. एका नव्या कॉलेजानं त्याला पांढऱ्याशुभ्र स्पोर्ट्स शूजचं आमिष दाखवलं. पण तेही इंदूरचेच! एक बूट आगाऊ दिला, दुसरा टूर्नामेंट जिंकल्यावर.

पप्पू बूट घेऊन थेट आमच्या सरांकडे आला. "सर, बघा, ते लोक बूट देऊ राहिले. तुमचं काय म्हणणं?"

सर पेटले. सायकल काढली, दुकानात गेले, तेही एक बूट घेऊन आले. "हा घे! दुसरा आपण जिंकल्यावर!"

पप्पू मनातल्या मनात नाचत घरी गेला. दोन बूट झाले, कोणासाठी जिंकायची गरजच नाही! घरी जाऊन पायात घालून बघितले.

दोन्ही डावे.

*

तर हे असं सुखात चाललेलं असताना देशात उदारीकरण आलं. उदारीकरण आलं आणि आमच्या प्राचार्यांचा हात आखडला! प्राचार्य अर्थशास्त्राचे. शहरातल्या मिल एकेक करून बंद पडत होत्या, घरांवर केबलच्या वायरी चढत होत्या, आणि हे कॉलेजचा कागद न् कागद तपासत बसलेले. बर्वे सरांना बोलावणं आलं. सरांनी मला सोबत नेलं, फाइल धरायला.

"बर्वे, मैदानावर एका वेळी किती खेळाडू असतात?"

"पाच, सर."

"मग आठ माफ्या कशाला? यंदापासून पाच."

सर कळवळले. "अहो सर, टीम बारा जणांची असते! बाकीचे सात बदली खेळाडू!"

"बदलीला माफी कशाला? तो बसलेला असतो."

सर मूळचे पुण्याचे, शुद्ध मराठीचे आग्रही. आम्ही सगळे 'सब्स्टिट्यूट' म्हणायचो, सर तेवढे 'बदली' म्हणायचे. सरांनी तेव्हा साधं इंग्रजी वापरलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

*

कारण गेल्या वर्षीच्या आठ माफ्यांत एक सुभाष जाधवची होती. सुभ्या परदेशीपुऱ्याचा, सहा फूट दोन, लाजाळू. त्याचे वडील कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिल बंद झाली, तेव्हा घरची सगळी मदार सुभ्याच्या शिक्षणावर. माफी गेली की त्यानं कॉलेज सोडायचं आणि मामाबरोबर पिथमपूरला कारखान्यात जायचं, असं घरी ठरलेलं.

सरांच्या पाचांत नाव आलं नाही, तेव्हा सुभ्यानं घरी जाऊन सांगितलं, "बाबा, मी बदलीत गेलो."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी जाधवकाका कॉलेजच्या गेटवर हजर. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी. गेटवरचा वॉचमन रामदीन आधी त्याच मिलच्या गेटवर होता, भोंगा होऊन पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घ्यायला. त्यानं सलाम ठोकला. काका तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये. आम्ही अख्खी टीम मागे.

"माझ्या पोराला बदली कोण म्हणालं?"

"अहो जाधव, बदली खेळाडू म्हणजे..." बर्वे सर सांगायला लागले.

"मला नका शिकवू बदली! अकरा वर्षं बदली होतो मी. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी आजारी पडला, कोणाचं कोणी मेलं, तर आत घ्यायचे. नाहीतर डबा भरलेला घरी परत. अकरा वर्षांनी परमनंट झालो, तर तिसऱ्या वर्षी मिलच बंद!" काकांनी टेबलावर बोट आपटलं. "दोनशे चाळीस दिवस भरले की परमनंट करावं लागतं. कायदा आहे! पोरगं वर्षभर रोज मैदानावर येतंय. मोजा!"

प्राचार्य चतुर माणूस. त्यांनी काकांना खुर्ची दिली. "तुम्ही युनियनचे जुने जाणकार. तुम्हीच सिनियॉरिटी लिस्ट बनवा. पहिल्या पाचांना माफी. मंजूर?"

"मंजूर!" काका म्हणाले. आणि अडकले.

काकांनी चष्मा लावला. आम्हा एकेकाला पुढे बोलावून विचारलं, टीममध्ये केव्हा आला, मध्ये खाडा किती. नवी एम.ए.ची ॲडमिशन घेतलेला बंड्या सगळ्यांत वर. मग पप्पू, मग आणखी तिघं. काकांचं पेन थांबलं. त्यांनी वरून खाली पुन्हा एकदा वाचलं. 

"सहावा," काका म्हणाले. "जाधव सुभाष. बदली."

खाली सही केली. कागद प्राचार्यांपुढे सरकवला. सुभ्या बुटांकडे बघत उभा. बर्वे सर पंख्याकडे.

बंड्या पुढे आला. "काका, लिस्टवरचा पहिला माणूस गेला तर?"

"खालचे सगळे एकेक वर सरकतात."

"जातो कसा पण?"

"रिटायर होऊन. नाहीतर मरून."

"तिसरं काही?"

काकांचं तोंड कडू झालं. "एक नवीन काढलंय आजकाल. व्हीआरएस. आपण होऊन जा म्हणतात."

"मग मी आपण होऊन चाललो!"

"बंड्या, शुद्धीत आहेस का?" बर्वे सर ओरडले. "मी तुझी आठ वर्षं धरून ठेवली होती!"

"सेकंड क्लास आहे सर माझ्याकडे," बंड्या कॉलर सारखी करत म्हणाला. "बदनामी झालीच आहे, आता नोकरी पण करून टाकतो."

संध्याकाळी मैदानावर निरोप समारंभ झाला. हार, भाषण, आणि सरांच्या हस्ते भेटवस्तू. पप्पूचे दोन्ही डावे बूट.

*

सप्टेंबरात पहिली मॅच आमच्याच मैदानावर. वेळ संपल्याची शिट्टी गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून सरांनी बंद मिलचं सामान घेणाऱ्या भंगारवाल्याकडून बिजलीवर चालणारा एक भोंगा आणलेला. कुठून आला ते आम्ही विचारलं नाही. त्याचं बटण दाबायचं काम माझ्याकडे. बाराव्या गड्याला काहीतरी काम हवं ना!

जाधवकाका इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, सोबत मिलचे पंधरा-वीस दोस्त. सुभ्याचं नाव पहिल्या पाचात पुकारलं, तेव्हा काका उभे राहून सगळ्यांना सांगायला लागले, "परमनंट आहे!" काय खेळला पोरगा! सगळे रिबाउंड त्याचे. पण बारा-तेरा मिनिटांत धापा टाकायला लागला. त्यानं सरांकडे बघून हात फिरवला.

सर उठले आणि सवयीनं ओरडले, "बदली!"

काका मैदानात शिरले. बरोबर मधल्या वर्तुळात गेले आणि मांडी घालून बसले.

"परमनंट माणसाच्या जागी बदली चालणार नाही!"

रेफरीनं शिट्टी वाजवली. काका हलेनात. समोरच्या टीमचा कोच धावत आला. "ये कौन है, भिया?"

"इनका लड़का परमानेंट है," बाजूला उभ्या बंड्यानं माहिती दिली.

रेफरी नियमांचं पुस्तक चाळायला लागला. तिकडं काकांच्या दोस्तांनी घोषणा सुरू केल्या. बर्वे सरांनी हात जोडले, प्राचार्यांनी हात जोडले. शेवटी सुभ्या वडिलांपुढे वाकला.

"बाबा, मला दम लागलाय. मीच मागितली बदली."

"मागायची नसते रे," काका हळू आवाजात म्हणाले. "मागायची नसते."

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बंड्या माझ्या कानाशी आला.

"दाब."

"अरे, वेळ कुठं संपलीय?"

"दाब रे, भिया!"

मी दाबलं.

भोंगा वाजला तशा घोषणा एकदम थांबल्या. काका उठले. पँट झटकली, कडेला ठेवलेली पिशवी खांद्याला लावली आणि कोणाकडे न बघता गेटकडे चालायला लागले. त्यांच्या मागोमाग एकेक करत सगळे दोस्त उठले. रांग लागली.

गेटवर काका थांबले आणि त्यांनी रामदीनपुढे दोन्ही हात वर केले.

रामदीननं काकांकडे बघितलं. मागच्या रांगेकडे बघितलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, टोपी सारखी केली, काकांचे खिसे चाचपले, कंबर चाचपली, पिशवीत हात घालून बघितला.

"चलो," तो म्हणाला. "अगला."