छातीतलं शिंग

भैरोबाच्या पालखीपुढं शिंग फुंकायचा मान सोनबाच्या घराकडं होता. विंझरच्या वर, डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. घरं थोडी, भांडणं घरांहून जास्त. पण चैताच्या जत्रेला सोनबानं शिंग ओठाला लावलं, की सारी वाडी एका अंगाची व्हायची. सूर समोरच्या डोंगरावर आपटून माघारी यायचा, तरी इकडचा तुटलेला नसायचा. माघारी आलेल्या सुराला सोनबा वाटेत गाठतो, असं म्हातारी माणसं सांगत. शेत बेताचं, घर बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. त्या माणसाचं एवढं एकच मोठं होतं, आणि ते त्याला पुरत होतं.

दुसरी मोठी लढाई लागायच्या थोडं आधीची गोष्ट. जत्रेत पालखी देवळात टेकली आणि शिंगाच्या तोंडाशी रक्त दिसलं. पहिल्यांदा कुणाला दिसलं, तर बाजीला. बाजी हा सोनबाचा चुलतभाऊ. मान थोरल्या पातीचा, म्हणून सोनबाकडं. बाजी धाकट्या पातीचा. जन्मभर मागं उभं राहून शिंगाकडं बघितल्यामुळं त्याची नजर तिथं पक्की बसली होती.

"दादा, रगत!" तो इतक्या काळजीनं ओरडला, की साऱ्या जत्रेला ऐकू गेलं.

"दाढ हाललीया माजी," सोनबा म्हणाला.

"दाढंचं रगत असं असतंय व्हय? छातीचं हाय हे. म्या तुज्या भल्यासाठी बोलतोय, दादा."

कुणाच्या भल्यासाठी बोललेलं वाडीत लई लवकर पसरतं. चार दिवसांत आनंदराव पाटलांनी सोनबाला देवळापुढं बोलावलं.

"सोनबा, देवाच्या वस्तूला क्षयाचं तोंड लागून चालत न्हाई. छाती साफ हाय याचा पुरावा आण, मग फुंक. तवर बाजी फुंकंल."

सोनबाचं ताट वेगळं झालं, अंथरूण गोठ्यात गेलं. त्याची बायको ठकुबाई भाकरी घेऊन गोठ्यात जायची आणि त्याच्याच ताटात जेवायला बसायची.

"उठ की, तुला लागंल," तो म्हणायचा.

"काय लागंल? दाढदुखी?"

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरनं छाती ठोकली, नळी लावली आणि सांगितलं, "कानाला काही लागत नाही. पुण्याला जाऊन आतला फोटो काढा." मग दोघं नवराबायको सर्विस मोटारीत धूळ खात पुण्याला गेली.

तिथं अंधाऱ्या खोलीत सोनबाला एका फळीला छाती लावून उभं केलं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "श्वास घ्या. धरा." यंत्र गुरगुरलं आणि गप्प झालं. तो माणूस पाटी काढून आत गेला, कुणाशी तरी बोलला, माघारी आला, तर सोनबा तसाच उभा. डोळे वटारलेले, मान फुगलेली.

"अहो, सोडा की!"

सोनबानं सावकाश श्वास सोडला. "आपण सोड म्हनला न्हाई. म्हून धरला."

"आन् ह्याला म्हनं क्षय झालाय," ठकुबाई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

पण फोटो बघून तरुण डॉक्टरचा चेहरा उतरला. उजव्या फुफ्फुसाच्या माथ्यावर एक बारीक पांढरी रेघ होती. वरून निघून बाहेर बाक घेत खाली उतरलेली, आणि खालच्या टोकाला थेंबासारखी फुगलेली. "इथं डाग दिसतोय," तो हळूच म्हणाला. 

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि परमुलखात गाववाला भेटावा तसे हसले. शिकाऊ पोरांना हाका मारून त्यांनी सोनबाभोवती गोळा केलं.

"डाग नाही हा. ही शीर आहे. आपल्या छातीत उजवीकडं एक मोठी शीर असते. ती फुफ्फुसाच्या माथ्यावरून वळसा घेऊन जाते. यांची आईच्या पोटातच वाट चुकली आणि फुफ्फुसातूनच गेली. शेकड्यात एखाद्याची असते अशी. त्रास काही नाही. रक्त दाढेचंच, ती तेवढी काढून टाका."

सोनबानं जरा विचार केला. "म्हंजी वढ्यानं बांध सोडला आन् शेतातनं वाट काढली."

"अगदी! फक्त शेत वाहून गेलं नाही."

फोटो हातात देताना डॉक्टरांनी बजावलं, "जपा हं याला. कढत पाण्याशी नेऊ नका. वरचा लेप सुटला की चित्र निघून जातं."

"मग ऱ्हातं काय?" ठकुबाईनं विचारलं.

"कोरं पान. काचेसारखं."

"असं व्हय," ती म्हणाली, आणि फोटो पदराखाली घेतला.

वाडीत पाटलांनी फोटो उन्हाकडं धरला. सोनबानं शिरेचं, वढ्याचं, सगळं खरंखरं सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही, कारण कोंडिबा गुरव मधेच किंचाळला होता, "शीर कसली? शिंग हाय ते! हे बघा वळण. हे बघा तोंड!"

आणि मग ते सगळ्यांना दिसलं. एकदा दिसल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढून हलेना. सोनबाचा ऊर भरून आला. पुरावा मागितला होता, देवानं सही करून दिला होता. आता शिंग आपलंच.

बाजीचा रंग आधी उडाला. मग त्यानं पुढं होऊन सोनबाच्या पायावर डोकं ठेवलं.

"दादा, देवानं आपलं शिंग तुज्या छातीत ठिवलंय. आता हे पितळंचं तू कशापायी फुंकायचं? आतल्याला धक्का बसला तर?"

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "बाजी बरोबर बोलतोय. सोनबानं पालखीशेजारी पाटावर बसायचं. फोटू देवळात ऱ्हाईल. फुंकायचं कष्ट बाजी घील."

छाती वाईट म्हणून जे गेलं होतं, ते छाती फार चांगली निघाली म्हणून परत मिळेना. दसऱ्याला सोनबा गळ्यात हार घालून पाटावर बसला. पालखी उठली. बाजीनं गाल फुगवले, आणि अडलेल्या म्हशीसारखा आवाज निघाला. डोंगरानं तो माघारी पाठवलाच नाही. सोनबाचे ओठ नकळत आवळले गेले, तसं शेजारच्यानं कानात सांगितलं, "सोनबा, शांत. देव हाय आत."

त्याला ओझं उचलू देईनात, पळू देईनात. बैलाला मोठ्यानं हाक मारली तरी माणसं धावत येत, "अरं, देवाला तरास व्हतोय!" बाया पोरं घेऊन येत आणि 'कपाळावर नुसती फुंकर घाला' म्हणत. साऱ्या वाडीच्या पोरांवर फुंकून झालं, शिंग तेवढं राहिलं.

"क्षयी व्हता तवर माजा तरी व्हता," ठकुबाई एकदा म्हणाली. "आता समद्या गावाचा झाला."

"फुंकायचंच न्हाई तर ह्या छातीचं करू काय म्या?" सोनबा म्हणाला. ठकुबाईनं देवळाकडं बघितलं.

चैताच्या जत्रेआधी देव उजळायची रीत. गुरव देवाचा मुखवटा, टाक, समया सगळं बाहेर काढतो आणि चिंच लावून, राखेनं घासून कढत पाण्यानं धुतो. त्या वर्षी ठकुबाई मदतीला गेली. पाणी तिनंच तापवलं.

"कोंडिबाभावजी, समद्या देवांस्नी न्हाऊ घातलं, आन् ह्या देवानं काय पाप केलं?" तिनं फोटोकडं बोट केलं. "बगा की, गुलालानं तोंड दिसंना."

"खरंच की," कोंडिबा म्हणाला. त्यानं फोटोला चिंच चोळली, वर कढत पाणी घेतलं आणि नाव घेत भक्तीनं घासत राहिला. पाणी काळं झालं. मळ लई होता, असं त्याला वाटलं. मग पानाच्या आरपार त्याला स्वतःचीच बोटं दिसली, आणि त्यानं बोंब ठोकली.

वाडी जमली. पाटलांनी पान उन्हाकडं धरलं, तर पलीकडचा डोंगर दिसला.

"शिंग गेलं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"फोटू धुतला, छाती न्हाई धुतली!" बाजी ओरडला. "आतलं हाय तितंच आसंल!"

उभ्या जन्मात बाजी एवढं खरं कधी बोलला नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं असतं. पण सगळ्यांच्या नजरा आपल्याकडं वळलेल्या बघून कोंडिबाला वाचा फुटली. "माज्या हातनं गेला न्हाई. देव आपनहून गेला. उजळायच्या दिशीच गेला, म्हंजी आपलं शिंग त्यानं माघारी नेलं."

पाटलांनी पान एकदा खालून, एकदा वरून बघितलं. "कोरं हाय. देव न्हाई, रोगबी न्हाई. सोनबा, तू आता साधा मानूस. जत्रेला शिंग तूच फुंक."

सोनबानं बायकोकडं बघितलं. ती मान खाली घालून ओला पदर पिळत होती.

जत्रेला त्यानं शिंग ओठाला लावलं. दाढ कधीच काढलेली होती. सूर डोंगराला धडकला, माघारी फिरला, आणि सोनबानं त्याला वाटेत गाठलं. पालखी उठली. बाजी आपल्या जुन्या जागी मागं उभा राहिला.

घरी आल्यावर सोनबानं ठकुबाईला विचारलं, "मुद्दाम केलंस न्हवं?"

"म्या? म्या पानी तापवलं फकस्त."

कोरं पान तिनं गुरवाकडून मागून आणलं आणि गोठ्याच्या झरोक्याला बसवलं. उजेड येई, वारा येत नसे. सोनबानं पुढं म्हातारपणापर्यंत शिंग फुंकलं. एकेक करून दाढा सगळ्या गेल्या, श्वास गेला नाही. आणि छातीतली ती शीर, आधी रोग ठरलेली, मग देव, मग काहीच नाही, जन्मापासून धरलेल्या आडवाटेनं आपलं रक्त मुकाट वाहत राहिली.